'उत्तम'वर केलेली खूण



आज स्वयंपाकघर जरा बाजूला ठेवते. म्हणजे पूर्ण बाजूला नाही, कारण गोष्ट शेवटी जेवणाच्या वेळेपाशीच येऊन थांबते. पण सुरुवात एका दवाखान्याच्या कागदापासून करते.

गेल्या श्रावणात सासूबाईंना चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. शुगर वाढली होती, पायाची जखम भरत नव्हती. दवाखाना आपल्या गोंदिया जिल्ह्यातलाच. नाव सांगत नाही, कारण आज मला कुणाची तक्रार करायची नाही. चौथ्या दिवशी सुट्टी झाली. बिल भरलं, औषधाच्या खिडकीतून गोळ्या घेतल्या आणि निघताना एका मुलीने हातात फॉर्म दिला. स्वच्छता कशी वाटली? जेवण कसं होतं? नर्सची वागणूक? औषध विभागाची सेवा? प्रत्येकापुढे चार चौकोन: उत्तम, चांगली, ठीक, वाईट. बाहेर ऑटो उभा होता, सासूबाई दमल्या होत्या. मी वरपासून खालपर्यंत एका ओळीत 'उत्तम'वर खुणा केल्या, सही केली आणि निघाले.

ती खूण खोटी नव्हती. खिडकीतला मुलगा खरंच चांगला वागला होता. गर्दी असूनही चिडला नाही. प्रत्येक पाकिटावर पेनने लिहून दिलं आणि तोंडाने सांगितलं, "सकाळी एक, रात्री एक, जेवणाआधी." मी मान डोलावली, सासूबाईंनीही डोलावली. मागे दहा-बारा लोक उभे होते.

तीन आठवड्यांनी दशलक्षण पर्व सुरू झालं.

आमच्या सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या. लग्न होऊन आल्यापासून दहाही दिवस एकासन करतात. औषध-पाण्याची तेवढी सूट ठेवतात, तीही दिवस मावळायच्या आत. या वर्षी आम्ही म्हटलं, "आई, नुकतंच दवाखान्यातून आलात, यंदा राहू द्या." त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी नको म्हटलं का?" डॉक्टरांनी नको म्हटलं नव्हतं. कारण डॉक्टरांना आम्ही विचारलंच नव्हतं. झालं, एकासन सुरू.

सकाळी अकराला एकदा जेवण, त्याआधी गोळी. आणि 'रात्रीची' गोळी त्या साडेपाचला घ्यायच्या, सूर्यास्ताच्या आधी. एरवी साडेपाचलाच आमचं संध्याकाळचं जेवण असतं, म्हणून एरवी ते बरोबर होतं. पण एकासनात संध्याकाळी जेवणच नाही. गोळी मात्र चालू. पाकिटावर लिहिलं होतं ना, सकाळी एक, रात्री एक.

तिसरा दिवस, उत्तम आर्जवाचा. रात्री एकच्या सुमाराला त्यांच्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तर त्या पलंगाच्या कडेला बसलेल्या, अंगावरचं लुगडं घामाने ओलं, हात थरथरत होते. मला त्यांनी त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. शुगर मोजायचं मशीन घरात होतं म्हणून निभावलं. आकडा आला ४६.

त्या जाग्या होत्या, गिळू शकत होत्या. मी साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने त्यांच्या तोंडात घातलं. एक-दोन चमचे गेल्यावर त्यांनी ओठ मिटून घेतले. शुद्ध अर्धवट, पण रात्र आहे हे त्यांना कळलं असावं. मी तोंड धरून पाजलं. पाऊण तासात आम्ही दवाखान्यात होतो. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, साखर पाजल्यावर बरं वाटलं तरी ही गोळी बराच वेळ काम करत राहते, शुगर पुन्हा उतरू शकते, म्हणून रात्रभर ठेवायला हवं. त्या जोडगोळीत दोन औषधं असतात, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. मेटफॉर्मिनने एकट्याने शुगर इतकी सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइड मात्र शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. पोट रिकामं असेल तर ती रक्तातली आहे तीच साखर खाली ओढते.

सकाळी त्या पूर्ण शुद्धीवर आल्या. पहिलं वाक्य, "माझा नेम मोडला." दुसरं वाक्य मी अजून विसरले नाही. मी म्हटलं, "आई, तुम्ही त्या मुलाला एकासनाचं सांगायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं."

आणि माझ्या डोळ्यांपुढे तो फॉर्म आला. औषध विभागाची सेवा: उत्तम.

मैत्रिणींनो, मला वाटतं या एका खुणेत आपल्या दवाखान्यांच्या अभिप्रायाचं सगळं दुखणं आहे. मला विचारलं गेलं, तुम्हाला कसं वाटलं? मला चांगलं वाटलं, मी तसं लिहिलं. पण औषध देणाऱ्याचं काम मला बरं वाटावं एवढंच नाही. मी घरी गेल्यावर ते औषध बरोबर पोटात जावं, हे त्याचं काम आहे. ते झालं की नाही हे खिडकीसमोर उभं असताना मला तरी कसं कळणार? ते कळलं तीन आठवड्यांनी, रात्री एक वाजता. तेव्हा मात्र कुणी फॉर्म घेऊन आलं नाही.

आपण घरात रोज स्वयंपाक करतो. नवीन सून आली की पहिले सहा महिने तिच्या भाजीत मीठ कमी-जास्त होतंच. ती शिकते कशी? पानावर बसलेल्यांच्या तोंडावरून. कुणी सांगतं, कुणी ताटात भाजी ठेवून उठतं, त्यावरून तिला कळतं. समजा ती रोज स्वयंपाक करून डबे भरते, डबे बाहेर जातात, रिकामे धुऊन परत येतात आणि कोणी काहीच बोलत नाही. मग दहा वर्षांनीही तिचा हात पहिल्या दिवसासारखाच राहील. दवाखान्यातला फार्मासिस्ट असाच डबे भरतोय. दिवसाला दोनशे डबे. एकाचीही चव त्याच्यापर्यंत परत येत नाही.

हे मी अंदाजाने म्हणत नाही, त्याच्याच तोंडून ऐकलंय. पण ते सांगण्याआधी माझी चूक सांगते.

त्या रात्रीनंतर दहा-बारा दिवस मी ही गोष्ट सगळ्यांना सांगत फिरले. मंदिरात सांगितली, भिशीत सांगितली, माहेरी फोनवर सांगितली. "आजकाल दवाखान्यात काही धड सांगत नाहीत," असं प्रत्येक वेळी शेवटी म्हणत होते. क्षमावाणीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळ्यांना फोन करून क्षमा मागत होतो, तेव्हा माझी मुलगी सहज म्हणाली, "आई, तू सगळ्या गावाला सांगितलंस. त्या दादाला सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. चुकीबद्दल ज्याला काही करता येईल त्याला सोडून बाकी सगळ्यांना ती सांगणं, याला आपल्याकडे निंदा म्हणतात. आणि जिथे दुरुस्ती होऊ शकते तिथेच, न लपवता, न वाढवता दोष मांडणं ही आलोचना. आलोचना आपण आपल्या दोषांची करतो हे खरं. पण इथे माझाही दोष होताच ना. व्रताचं मी तरी कुठे सांगितलं होतं? विचार न करता 'उत्तम'वर खूण मीच केली होती.

दुसऱ्या आठवड्यात दुपारी गर्दी कमी असताना मी त्या खिडकीवर गेले. त्याला सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. आधी तो घाबरला, त्याला वाटलं तक्रार आली. चिठ्ठी काढून पाहिली, गोळी बरोबरच दिली होती. मी म्हटलं, "भाऊ, गोळी बरोबरच होती. आमच्या घरात दहा दिवस संध्याकाळचं जेवण नसतं, एवढंच तुम्हाला माहीत नव्हतं." तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काकू, इथून गोळी गेली का मंग पेशंट आम्हाले दिसतच नाही. दिसला तर पुढच्या महिन्यात, नवी चिठ्ठी घेऊन. मधात काय झालं ते कोणी सांगत नाही. सहा वर्षांत असं येऊन सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

सहा वर्षं.

मग मी जरा वाचायला लागले आणि कळलं की हे दुखणं आपल्या एका खिडकीचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली एक अहवाल काढला होता. त्यात म्हटलंय की श्रीमंत, विकसित देशांतसुद्धा मधुमेह, रक्तदाब यांसारख्या लांबणाऱ्या आजारांत साधारण निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात. २०१७ मध्ये याच संघटनेने औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी इजा कमी करण्यासाठी जगभर मोहीम सुरू केली. दरवर्षी १७ सप्टेंबरला रुग्णसुरक्षा दिवस असतो, २०२२ साली त्याचा विषयच औषधांची सुरक्षितता हा होता. गंमत पाहा, ही तारीख बहुतेक वेळा भाद्रपदातच येते, आपल्या उपासांच्या दिवसांत.

आपल्या देशात नियम नाहीत असंही नाही. भारतीय भेषजी परिषदेने २०१५ साली फार्मसीच्या कामाचे नियम केले. त्यात रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून स्पष्ट लिहिलं आहे. औषध कशासाठी आहे, किती दिवस घ्यायचं, कसं घ्यायचं, कोणते त्रास होऊ शकतात, एखादी वेळ चुकली तर काय करायचं, ठेवायचं कुठे, हे सगळं त्या यादीत आहे. शासनाने २०१६ साली 'मेरा अस्पताल' ही व्यवस्था सुरू केली. त्यात दवाखान्यातून गेलेल्या रुग्णाला मोबाइलवर संदेश किंवा फोन करून समाधानी आहात का, असं विचारतात. म्हणजे समजावण्याचा नियम आहे, अभिप्रायाची सोयही आहे. पण या दोघांची गाठ कुठे पडत नाही. समाधानाचा आकडा वर जातो आणि खिडकीतल्या माणसाला मात्र आपण काय सांगायचं विसरलो हे कधीच कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. रुग्णाचा अभिप्राय हा दवाखान्याच्या भिंतीवर लावायचा आकडा होऊ नये, तो औषध देणाऱ्याच्या शिकण्याचं साधन व्हावा. त्यासाठी तीन गोष्टी बदलायला हव्यात. कधी विचारायचं, काय विचारायचं आणि उत्तर कुणाकडे द्यायचं.

आधी कधी ते पाहू. सुट्टीच्या दिवशी नाही. त्या दिवशी आपल्याला फक्त घरी जायचं असतं. सात-आठ दिवसांनी विचारा, गोळ्या अर्ध्या संपल्यावर.

मग काय विचारायचं? 'सेवा कशी वाटली' हे नको. असं विचारा: तुमची पांढरी गोळी कशासाठी आहे? ती तुम्ही काल किती वाजता घेतली? त्याआधी किंवा नंतर काय खाल्लं? कोणती गोळी बंद केली का, का केली? औषध देताना कुणी तुमच्या जेवणाची वेळ, उपास, दुसरी औषधं यांबद्दल विचारलं होतं का? या पाच प्रश्नांची उत्तरं कुणी खोटी द्यायला जात नाही, कारण त्यात कुणाचं कौतुकही नाही आणि निंदाही नाही.

अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींसाठी तिथल्या सरकारची वेगळी आरोग्यसेवा आहे. तिथल्या फार्मासिस्टांनी खूप वर्षांपूर्वी तीन साधे प्रश्न ठरवले. डॉक्टरांनी हे औषध कशासाठी म्हणून सांगितलं? कसं घ्यायला सांगितलं? घेतल्यावर काय होईल म्हणाले? स्वतः बोलत सुटायचं नाही, आधी रुग्णाला बोलू द्यायचं, जिथे त्याचं अडतं तेवढंच भरून काढायचं. शेवटी म्हणायचं, आता तुम्ही मला सांगा घरी जाऊन कसं घ्याल. भाजी निवडायला सांगून 'कळलं का' विचारलं की सून 'हो' म्हणते, पण 'दाखव बरं' म्हटलं की खरं कळतं, तसंच हे.

हे प्रश्न फक्त आम्हा जैनांसाठी नाहीत, हे मला आमच्याकडे भांडी करायला येणाऱ्या ताईंनी शिकवलं. त्या गोरेगाव तालुक्यातल्या. त्यांच्या वडिलांना दमा. दवाखान्यातून कॅप्सूल आणि एक छोटं मशीन मिळालं. "रोज दोन," असं सांगितलं होतं. बाबा पंधरा दिवस त्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते आणि मशीन देवळीत ठेवलेलं होतं. ती कॅप्सूल मशीनमध्ये टाकून तिची पूड श्वासाने ओढायची असते, पोटात जाऊन तिचा छातीला उपयोग होत नाही. ताई म्हणाल्या, "दम काही कमी होईना, म्हणून बाबांनी औषधच सोडलं." दवाखान्याच्या नोंदीत मात्र औषध दिलं, पूर्ण. आठव्या दिवशी कुणी फोन करून 'मशीन कसं वापरता' एवढं विचारलं असतं, तर त्या घरातही कळलं असतं आणि देणाऱ्यालाही कळलं असतं की मशीन हातात नुसतं देऊन भागत नाही, एकदा ओढून दाखवायला लावावं लागतं.

आपला जिल्हा तुम्हाला माहीतच आहे. भंडाऱ्यातून १९९९ साली वेगळा झाला. आठ तालुके, भात आणि जंगल. घरात कुणी पोवारी बोलतं, कुणी गोंडी, कुणी हिंदी, कुणी छत्तीसगढी. बालाघाटकडचे रुग्णही इकडेच येतात. रोवणीच्या दिवसांत बाया पहाटे घर सोडतात आणि पहिला घास दहा-अकराला बांधावर खातात. 'सकाळी नाश्त्यानंतर' असं लिहिलेलं पाकीट त्यांच्या काय कामाचं? नाश्ता म्हणजे नक्की काय, तेच त्यांच्या दिवसात नाही. सिकलसेलचे रुग्ण आपल्या भागात आहेत, त्यांना फॉलिक ॲसिडसारखी गोळी वर्षानुवर्षं घ्यायची असते, दुखत नसतानाही. दुखत नाही तर गोळी कशाला, असं त्या घरात कुणाला वाटलं, तर ते काढून घ्यायला कुणीतरी आधी ऐकायला हवं. सिकलसेलसाठी १ जुलै २०२३ ला देशाचं मोठं मिशन सुरू झालं, तपासण्या होताहेत, कार्ड मिळताहेत. पण कार्डानंतरची गोळी रोज पोटात जाते की नाही, हे शेवटी खिडकीवरच्या दोन मिनिटांवर ठरतं.

आणि आपल्या बायकांचं गुपित वेगळंच. आपल्यातल्या किती जणी कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं असतं, हे कळल्यावर गपचूप कॅप्सूल उघडून आतले दाणे पाण्यात टाकून पितात? मी स्वतः ॲसिडिटीच्या कॅप्सूलचं हे केलंय. नंतर त्या फार्मासिस्टनेच सांगितलं की काही कॅप्सूलमधल्या दाण्यांवर पोटातल्या आम्लात विरघळू नये म्हणून वेगळा थर दिलेला असतो, तो भिजला किंवा चुरला तर औषध वाया जातं. काही औषधं हळूहळू सुटावीत म्हणून तशी बनवलेली असतात, ती फोडली तर एकदम सुटतात. बऱ्याच औषधांची साधी गोळी मिळते, डॉक्टरांना विचारून बदलता येते. पण त्यासाठी मला तोंड उघडायला हवं होतं, आणि त्याने 'काही अडचण आहे का' असं विचारायला हवं होतं. तोंड दोघांनी मिटलेलं होतं.

आता उत्तर कुणाकडे द्यायचं? हे सगळ्यात नाजूक. ते अधिकाऱ्याच्या टेबलावर गेलं तर ती तक्रार होते, मग मेमो निघतो. मेमो मिळालेला माणूस पुढच्या वेळी जास्त बोलत नाही, कमी बोलतो, कारण न बोललेलं पकडता येत नाही. म्हणून ही उत्तरं रुग्णाचं नाव काढून औषध विभागाकडेच जावीत. महिन्यातून एकदा अर्धा तास त्यांनी एकत्र बसून वाचावीत. वीस जणांना फोन केला, त्यातले किती जण दम्याचं मशीन चुकीचं वापरत होते, कितींना गोळी कशासाठी हे माहीत नव्हतं, कितींना जेवणाची वेळ विचारली गेली होती. पुढच्या महिन्यात एकच गोष्ट सुधारायची. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा मोजायचं. फार्मसीच्या विद्यार्थ्यांना कॉलेजात औषधांचं रसायन भरपूर शिकवतात. समोरच्या आजीला कसं विचारायचं हे शिकवायला आजीइतका चांगला मास्तर नाही, आणि ती फुकट शिकवायला तयार आहे.

यावर लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे, कारण आमच्या घरीच हे वाद झाले. आमचे हे म्हणाले, "त्याच्यामागे दोनशे माणसं उभी असतात, तो गप्पा मारत बसला तर रांग रस्त्यावर जाईल." बरोबर आहे. रांगेचा राग त्या मुलावर काढण्यात अर्थ नाही. खिडकीवर माणसं वाढवणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे. पण सगळ्यांना दहा मिनिटं द्यायची गरजही नाही. ताप-खोकल्याच्या पाकिटाला अर्धं मिनिट पुरतं. शुगरची गोळी, इन्सुलिन, रक्त पातळ करायचं औषध, दम्याचं मशीन, फिटची गोळी, एवढ्यांसाठी बाजूला एक स्टूल ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. कुठे वेळ द्यायचा हेही अभिप्रायच सांगेल. सासूबाईंना एकच प्रश्न पुरला असता: आजी, तुम्ही जेवता कधी-कधी? त्याला पाच सेकंद लागतात.

दुसरा आक्षेप माझ्या भावाचा. तो म्हणाला, "उपासाचं सांगणं हे डॉक्टरांचं काम, फार्मासिस्ट डोस थोडाच बदलणार?" डोस त्याने बदलूच नये. पण जाता जाता शेवटचा माणूस तोच असतो. उपास आहे हे त्याला कळलं तर तो म्हणू शकतो, "आजी, थांबा, डॉक्टरांना विचारून येतो," किंवा "उपास धरण्याआधी डॉक्टरांना भेटा." आमच्या डॉक्टरांनी नंतर एकासनाच्या दिवसांसाठी औषधाची वेगळी मांडणी करून दिलीच. आधी कळलं असतं तर आधी दिली असती.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे. आपली माणसं खरं बोलतच नाहीत. दवाखान्यात 'बरं नाही' म्हणायला घाबरतात, पुढच्या वेळी नीट पाहणार नाहीत असं वाटतं. मोबाइल मुलाकडे असतो आणि मुलगा पुण्याला. म्हणून नुसत्या फोनवर भागणार नाही. गावात आशाताई घरोघर जातातच, त्यांच्यावर आधीच कामाचा ढीग आहे, त्यात हे फुकट टाकू नये. पण पुढच्या महिन्याच्या गोळ्या न्यायला माणूस खिडकीवर येतोच ना? तेव्हा रिकामं पाकीट घेऊन यायला सांगा आणि उरलेल्या गोळ्या मोजा. तो खरा अभिप्राय. तो सही मागत नाही आणि भिडेला पडत नाही.

आपल्या बाजूनेही काही करता येईल. माझ्या वहीत मी हे लिहून ठेवलंय, तुम्हीही लिहा. औषध घेताना जेवणाच्या वेळा स्वतःहून सांगायच्या, दिवस मावळल्यावर काही घेत नसाल तर तेही. पर्युषण, दशलक्षण, नवरात्र, रोजे, हरितालिका, जे काही पाळता ते धरायच्या किमान पंधरा दिवस आधी डॉक्टरांना भेटायचं. शुगरची गोळी मनाने बंदही करायची नाही आणि उपाशीपोटी मनाने चालूही ठेवायची नाही. घरात घाम, थरथर, बडबड दिसली की शुगर मोजायची. माणूस जागा असेल, गिळू शकत असेल तर साखर द्यायची. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. औषधाने त्रास झाला तर सांगायला राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाचा फुकट फोन आहे, १८००-१८०-३०२४. रुग्णाने स्वतः भरायचा त्यांचा फॉर्म मराठीतही आहे. आणि निघताना फॉर्म हातात आला, तर एका ओळीत खुणा करू नका. न विचारलेलं राहिलं असेल तर खाली मोकळ्या जागेत लिहा.

सासूबाईंनी मंदिरात जाऊन त्या रात्रीचं प्रायश्चित्त घेतलं. काय घेतलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी तोंड धरून साखर पाजली याबद्दल त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, पण बरेच दिवस त्या विषयावर बोलल्याही नाहीत. पन्नास वर्षांचा नेम होता त्यांचा. आपल्या शास्त्रात चार दानं सांगितली आहेत, आहार, औषध, शास्त्र आणि अभय. मला आता वाटतं की औषधाबरोबर ते कसं घ्यायचं याचं ज्ञान दिलं नाही, तर अभय काही मिळत नाही. त्या रात्री आम्हाला औषध मिळालेलं होतं.

मागच्या आठवड्यात गोळ्या आणायला मी पुन्हा त्या खिडकीवर गेले. माझ्यापुढे एक म्हातारे बाबा होते, डोक्याला टॉवेल बांधलेले. मुलाने पाकीट भरलं, पेन उचललं आणि थांबला. "बाबा, संध्याकाळी किती वाजता जेवता?" बाबांना वाटलं थट्टा करतोय. म्हणाले, "मिळलं तवा." मागची रांग हसली. तो हसला नाही. म्हणाला, "मिळेल तेव्हा नाही बाबा, नीट सांगा," आणि पेन धरून वाट पाहत राहिला.

माझा नंबर यायला त्या दिवशी जरा उशीर झाला.